जाळ्याला दार

फेब्रुवारीचा तिसरा आठवडा होता आणि माझं बेदाण्याचं मशीन शांतिनाथ खोतांच्या वर्कशॉपात सुटं होऊन पडलं होतं. आमच्या पलूस भागात या दिवसांत शेडवरचा बेदाणा उतरतो. वाळलेल्या मण्यांच्या काड्या झाडायच्या, बारीक दाणा आणि मोठा दाणा वेगळा करायचा, याला आम्ही नेटिंग म्हणतो. नेटिंगचं मशीन करावं तर शांतिनाथआण्णांनीच. छप्पन्न वर्षांचा काटकुळा माणूस, चष्म्याला मागून दोरी बांधलेली, दहावीनंतर शाळेचं तोंड न बघितलेला. गेली तीस वर्षं चाळण्या बनवतोय. दाणा कुठं अडकला, काडी कुठं फसली, हे त्यांना मशीनच्या नुसत्या आवाजावरून कळतं.

मशीन कधी मिळणार ते विचारायला मी गेलो, तर दारात त्यांची मुलगी ब्राह्मी उभी. ती रत्नागिरीकडं एका किनाऱ्यावर समुद्री कासवं वाचवणाऱ्या लोकांबरोबर दोन वर्षं काम करते, एवढं गावाला ठाऊक होतं. सकाळच्या एसटीनं आली होती आणि पायाशी पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. तिनं पोतं सोडलं. आत लोखंडी गजांची एक लांबट गोल चौकट होती, चार फूट उंच, तीन फूट रुंद. गंजलेली, मधूनच वाकलेली. आण्णांनी ती उचलून बघितली, तिच्यावर हात फिरवला आणि विचारलं, "ही कुणी केली गं?" आवाजात राग होता. वाईट वेल्डिंग बघितलं की त्यांना असंच होतं.

ब्राह्मीनं जे सांगितलं ते मी तिथंच स्टुलावर बसून ऐकलं. कोळंबीसाठी ट्रॉलर समुद्राच्या तळालगत मोठं जाळं ओढतात, दोन-दोन अडीच-अडीच तास. त्या जाळ्यात कासवं सापडतात. कासव पाण्यात राहत असलं तरी श्वास आपल्यासारखा हवेतूनच घेतं, आणि एवढा वेळ धडपडत त्याला दम धरवत नाही. बुडून मरतं. त्या हंगामात तिच्या किनाऱ्याच्या पट्ट्यात एकतीस मेलेली कासवं वाहून आली होती. त्यातली एक मादी तिच्या ओळखीची होती. त्या मादीच्या पाठीच्या कडेला दोन खाचा होत्या. जानेवारीत तिनं एकशे बारा अंडी घातली, तेव्हा ब्राह्मीनंच तिची मापं घेतली होती. बाराव्या दिवशी तीच मादी वाळूत उलटी पडलेली मिळाली.

"अंडी आम्ही राखतो आण्णा," ती म्हणाली. "पण अंड्यातून निघालेलं पिल्लू मोठं होऊन परत यायला बारा-पंधरा वर्षं लागतात. अंडी घालणारीच मेली तर आम्ही कशाची राखण करायची?"

उपाय जगाला माहीत होता. जाळ्याच्या शेवटच्या पिशवीच्या आधी अशी गजांची चौकट तिरकी बसवायची आणि तिच्यावर जाळ्याला एक भोक ठेवायचं. कोळंबी, मासे गजांमधून मागं पिशवीत जातात. कासव गजांना अडतं, वर सरकतं, भोकातून बाहेर पडतं. शास्त्रज्ञांनी मापं काढलेली, आराखडे तयार. पण कुठून तरी करून आणलेला हा नमुना तीन फेऱ्यांत वाकला, आणि ज्या तांडेलानं, म्हणजे बोटीच्या प्रमुखानं, तो लावून बघितला होता त्यानं तो धक्क्यावर फेकून दिला.

आण्णांनी खडूनं जमिनीवर चौकट काढली आणि ब्राह्मीला प्रश्न विचारायला सुरुवात केली. कासवाचं वजन किती, पाठ किती रुंद, पोहताना तोंड वर असतं की खाली, बोट किती वेगानं चालते, पाण्यात कचरा काय काय असतो. तासभर हेच. माझ्या मशीनचं नाव मी काढलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी कोण हेच त्यांना आठवत नसावं.

घरी मात्र अडचण निघाली. खोत जैन आहेत. दिवे लागायच्या आत जेवण, पाणी गाळून. आण्णांच्या पत्नी त्रिशलाकाकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि जेवताना म्हणाल्या, "आवं, आपल्या दुकानात मासं धरायच्या जाळ्याचं सामान करायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा मंदिरात जाऊन आले आणि घराच्या उंबऱ्यातच उभं राहून म्हणाले, "जाळं मी करत न्हाई. मी केलं काय, न केलं काय, जाळं पडणारच हाय. मी त्याला नुसतं दार करतोय."

"दारातनं कोण भाईर पडतंय, ते तुमाला हितं बसून कसं कळायचं?"

"कळायचं न्हाई."

"मग एक करा आन सोता जाऊन बघून या. डोळ्यानं बघितल्याबिगर दुसरं करायचं न्हाई."

ही अट काकूंनी मला स्वतः सांगितली, आणि त्या हेही म्हणाल्या की ह्यांचा मुलखाचा पोटाचा त्रास, हे बोटीत चढायचे नाहीत, असं त्यांना वाटलं होतं. आण्णांनी समुद्र बघितला होता तो एकदाच, शाळेच्या सहलीत, घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून.

पुढचे दहा दिवस वर्कशॉपात जो गोंधळ चालला, तसा मी त्या गावात कधी बघितला नव्हता. लोणंदच्या एका ओळखीच्या कारखान्यातून आण्णांनी स्टीलचा पोकळ पाइप मागवला, म्हणजे वजन निम्म्यावर येईल. धनाजी वेल्डर वीस वर्षं त्यांच्या हाताखाली आहे, कवठे महांकाळकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. त्यानं जुन्या टायरात वाळू भरून चाळीस किलोचं कासव बनवलं. ते बुडू नये म्हणून आत बंद डबे घातले आणि कडेला रबराच्या चार पट्ट्या लावल्या. पाय कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाला, पायाबिगर कासव कसं दिसंल?

कालव्याला पाणी सुटलेलं होतं. पुलाखाली जाळ्याचा तुकडा बांधला, त्यात चौकट बसवली आणि वरच्या अंगानं टायरचं कासव सोडलं. काठावर पन्नास-साठ माणसं जमली होती. कासव आलं, जाळ्यात शिरलं आणि आतच राहिलं. चौकट पाण्याच्या जोरानं मागं पडून जवळजवळ आडवी झाली होती. दोनदा, तीनदा सोडलं. तेच. आण्णा काठावर उकिडवे बसून डोकं खाजवत होते.

तेव्हा धनाजी बोलला. "आण्णा, आमी मेंढरं वाड्यात घालताना दोरीची वाघर लावतो बगा. ती समोरनं आडवी धरली तर पुढचं मेंढरू थांबतंय आन मागचं त्याच्यावर चढतंय. तिरकी धरली की आपसूक कडंनं सरकत वाटंला लागतंय. पर ती धरायला दोन्हीकडं दोन माणसं लागत्यात. हितं तुमची जाळी धरलीय कुणी? ती निजलीया."

आण्णा ताडकन उठले. दोन्हीकडं दोन माणसं. ब्राह्मीनं बंदरातून जाळ्याला बांधायचे प्लास्टिकचे पोकळ गोळे आणले होते. चौकटीच्या वरच्या दोन खांद्यांना दोन-दोन गोळे बांधले, म्हणजे पाण्यानं तिला मागं ढकललं तरी गोळे तिला वर धरून ठेवतील. पुन्हा कासव सोडलं. ते गजांवर आदळलं, क्षणभर थांबलं, मग हळूहळू वर घासत गेलं आणि भोकातून बाहेर उसळलं. काठावरच्या लोकांनी आरोळी ठोकली. कासव मात्र थांबायला तयार नव्हतं. ते कालव्यानं चाललं ते चाललंच, आणि धनाजी काठानं त्याच्या मागं पळत सुटला. दीड किलोमीटरवर पाणी उपसायच्या एका मोटारीच्या फळीला ते अडलं, तेव्हा सापडलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात माझ्या पिकअपमध्ये चौकट टाकून आम्ही आंबा घाट उतरलो. मशीन तोवर दुरुस्त झालं होतं, पण मला आता घरी राहवत नव्हतं. धक्क्यावर ब्राह्मीनं हसन तांडेलांची ओळख करून दिली. पहिला नमुना फेकून देणारे तेच. साठीचे, दाढी पांढरी, बोलणं हळू. त्यांनी चौकट उचलून बघितली, हलकी आहे म्हणाले, आणि आण्णांना विचारलं, "तुम्ही मासे खात नाही, आम्ही धरतो. जाळ्याला भोक पाडून मासे कसे धरायचे, हे तुम्ही मला शिकवणार?"

आण्णा म्हणाले, "न्हाई. मी बघायला आलोय. शिकवायला न्हाई."

हे उत्तर हसनभाईंना आवडलं असावं, कारण त्यांनी आम्हाला बोटीवर घेतलं.

पहाटे निघालो. किनारा दिसेनासा झाला तसे आण्णा कठड्याला धरून ओकायला लागले ते थांबेनात. दोन तासांनी जाळं वर आलं, तेव्हा ते चार पायांवर रांगत बघायला आले. पिशवी अर्धीच भरली होती. गजांना प्लास्टिकची पोती, तुटके दोर, शेवाळ गच्च चिकटलेलं, आणि कचऱ्यानं वाट बंद झाल्यामुळं मासे भोकातूनच बाहेर गेले होते. खलाशांची तोंडं बघवत नव्हती. हसनभाईंनी चौकट सोडवली आणि पुढची फेरी नेहमीच्या जाळ्यानं मारायला सांगितली. त्यांचाही इलाज नव्हता.

आणि त्या दुसऱ्या फेरीत कासव आलं.

जाळं फळीवर उघडलं, कोळंबी, म्हाकूल, खेकडे यांचा ढीग पसरला आणि त्यात ते होतं, करड्या-हिरव्या पाठीचं, मोठ्या परातीएवढं. मान लोंबत होती. एका खलाशानं मेलं म्हणून सांगितलं. ब्राह्मी ढिगातून वाट काढत गेली, तिनं त्याच्या डोळ्याजवळ बोट नेलं आणि पापणी किंचित हलली, असं तिला वाटलं. मला काही दिसलं नव्हतं. तिनं सांगितलं त्याप्रमाणं आम्ही त्याला पोटावर ठेवलं, मागचं अंग उंच राहावं म्हणून खाली दोराची गुंडाळी सरकवली, म्हणजे आतलं पाणी तोंडावाटे उतरतं. वर ओलं पोतं. त्याला सावली हवी होती. आण्णांनी दुसरं पोतं दोन्ही हातांनी त्याच्यावर धरलं आणि बसले. ओकारी कुठं गेली कुणास ठाऊक.

तासभर काही नाही. दुसऱ्या तासात नाकातून थोडं पाणी आलं. मी पोतं धरतो म्हटलं तर आण्णा मानेनंच नको म्हणाले. चौथ्या तासाला कासवानं तोंड उघडलं आणि एवढा मोठा श्वास घेतला की त्याचा आवाज इंजिनच्या आवाजातूनही ऐकू आला. म्हाताऱ्या माणसानं झोपेतून उठताना घ्यावा तसा. मग डोळा उघडला. आण्णा अगदी त्याच्या समोर बसले होते. तो काळा, ओला डोळा त्यांच्याकडं बघत होता, आणि ते त्याच्याकडं.

हसनभाई कधी येऊन उभे राहिले, ते आम्हाला कळलं नाही. ते म्हणाले, "आम्हालाही बरं वाटत नाही ओ. कासव मेलेलं आलं की माझा बाप नारळ सोडायचा समुद्राला. पण जाळ्यात काय येणार, ते आमच्या हातात नसतं."

संध्याकाळी इंजिन बंद करून कासवाला कडेनं पाण्यात सोडलं. ते चारदा हात मारून दिसेनासं झालं. धक्क्यावर उतरता उतरता आण्णा माझ्या खांद्याला धरून म्हणाले, "रविराज, गाडी काढ. आत्ता निघायचं."

घाट चढेपर्यंत ते एकसारखे बोलत होते. त्यांच्या डोक्यात बेदाण्याचं मशीन फिरत होतं. काडी चाळणीत कुठं अडकते, तर जिथं उभी तार आणि आडवी तार एकमेकींना भेटतात तिथं. नेटिंगच्या मशीनमधली आडवी तार त्यांनी पंधरा वर्षांपूर्वीच काढून टाकली होती, आणि या चौकटीत मात्र आराखड्यात आहे म्हणून आडवी पट्टी तशीच पुढून ठेवली होती. सगळा कचरा त्या पट्टीला धरून बसला होता. "आपलंच शिकलेलं आपुन इसरलो गड्या," ते म्हणाले, आणि वाईट वाटायचं सोडून ते हसत होते.

नव्या चौकटीत आडवी पट्टी मागच्या बाजूला गेली, गजांपासून चार बोटं लांब, दोन्ही कडांना धरलेली. पुढून गज अगदी गुळगुळीत, खालपासून वरपर्यंत एकही सांधा नाही. आण्णा डोळे मिटून प्रत्येक गजावरून सुती कापड फिरवायचे. धागा अडकला की धनाजी पुन्हा घासायचा. भोकावरच्या पडद्यासाठी ब्राह्मीनं आणि त्रिशलाकाकूंनी बसून जाळ्याचे दोन तुकडे शिवले, एकावर एक येणारे. कासवाचं वजन पडलं तर उघडेल, एरवी पाण्याच्या दाबानं मिटलेला राहील. काकूंनी सुई हातात घेतली ती कुणी न सांगता. आण्णांनी त्यांना त्या डोळ्याबद्दल सांगितलं होतं, एवढंच मला माहीत आहे.

मार्च संपता संपता आम्ही पुन्हा गेलो. या वेळी हसनभाईंनी स्वतःच कसोटी ठरवली होती. त्यांची बोट चौकट लावून आणि त्यांच्या भावाची बोट नेहमीच्या जाळ्यानं, शेजारी-शेजारी, सारख्याच वेळा. भरलेल्या टोपल्या मोजायच्या. ब्राह्मीनं चौकटीच्या वर पाण्यात चालणारा एक छोटा कॅमेरा बांधला होता. आण्णांनी या खेपेला ओकारीची गोळी घेतली होती, आणि ती घेऊनही ते पहिल्या तासात दोनदा कठड्याला गेले.

पहिलं जाळं वर आलं. गज स्वच्छ. एकच पोतं होतं आणि तेही वरच्या कडेला, बाहेर पडायच्या बेतात. हसनभाईंच्या टोपल्या नऊ, भावाच्या साडेनऊ. दुसऱ्या फेरीत दोघांच्या आठ-आठ. तिसऱ्यात हसनभाईंचीच एक जास्त, कारण भावाच्या जाळ्यात कचऱ्याचा असा गोळा आला की खालची कोळंबी चेंगरून गेली होती. खलाशी आता प्रत्येक टोपलीला ओरडून आकडा सांगत होते आणि दुसऱ्या बोटीवरून ओरडून उत्तर येत होतं. समुद्रात शर्यत लागल्यासारखं झालं.

दुपारी ब्राह्मीनं कॅमेरा सोडवला आणि चित्रं लॅपटॉपवर घेतली. ऊन एवढं होतं की पडद्यावर काही दिसेना, तेव्हा आम्ही सहाजण एका ताडपत्रीखाली डोकी घालून बसलो. हिरवं, गढूळ पाणी. मासे चमकत गजांमधून जात होते. एक पोतं आलं, गजावरून वर सरकलं, पडदा ढकलून गेलं. आण्णांनी माझं मनगट घट्ट धरलं. पुढं बराच वेळ नुसतं पाणी. ब्राह्मी चित्र पुढं सरकवायला लागली, आणि अचानक थांबली.

खालून अंधारातून एक गोल सावली वर येत होती. आली, गजांवर छाती टेकली, पुढचे हात पसरले. पाण्याचा जोर तिला दाबून धरत होता. ती थांबली. मग तिनं एक हात मारला, गजावरून अर्धा फूट वर घसरली, दुसरा हात मारला, डोकं पडद्याला लागलं, पडदा उघडला. कासव कॅमेऱ्याच्या अगदी जवळून गेलं, पोटाचा फिकट पिवळा भाग लॅपटॉपभर झाला, आणि मग वर नुसता उजेड.

सगळं मिळून अकरा सेकंद. आम्ही ती चित्रं पंचवीस वेळा तरी बघितली. खलाशी आळीपाळीनं ताडपत्रीखाली येत होते. हसनभाईंनी बिनतारी यंत्रावरून भावाला बातमी सांगितली, मग आणखी कुणाला तरी, मग बंदरातल्या निम्म्या बोटींना. आण्णा बाहेर येऊन कठड्याशी उभे राहिले. मला वाटलं पुन्हा पोट बिघडलं. पण ते रडत होते. ब्राह्मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आणि दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही.

पलूसला पोचल्यावर त्रिशलाकाकूंनी ते अकरा सेकंद फोनवर बघितले. एकदा, मग दुसऱ्यांदा. त्या खूश होतील असं आम्हाला वाटत होतं. त्यांनी विचारलं, "आन ती बारकी मासळी? ती मागंच गेली न्हवं सगळी?"

"व्हय," आण्णा म्हणाले. "ती गेली."

काकूंनी फोन परत दिला आणि म्हणाल्या, "मला ह्यात आनंद पुरा होत न्हाई. पर एक जीव सुटला, ते मी बघितलं. तुमी करा अजून." आणि आत जाऊन त्यांनी पडद्यांसाठी उरलेलं जाळं मापायला घेतलं.

पहिल्या झटक्यात चौदा बोटींनी चौकटी मागितल्या. सगळ्यांनी त्या लावून ठेवल्या असं नाही. एका तांडेलानं आठवड्यात काढून टाकली, दुसऱ्याच्या चौकटीचा सांधा ओढताना सुटला आणि ती दुरुस्तीला पलूसपर्यंत आणण्यात पंधरा दिवस गेले. त्या पंधरा दिवसांमुळं आण्णा फार अस्वस्थ झाले. एवढ्या लांबच्या वस्तूवर कोळी विसंबणार नाहीत, हे त्यांना कळलं. त्यांनी हसनभाईंना फोन करून सांगितलं की पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा पाच माणसं घेऊन इकडं या.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ते आले. हसनभाई, त्यांचा भाऊ आणि तीन खलाशी. नऊ दिवस राहिले, वर्कशॉपच्या माडीवर. धनाजी त्यांचा मास्तर झाला. मेंढरांच्या वाघरीपासून सुरुवात करून तो त्यांना चौकटीचा कोन समजावायचा, आणि त्याला समुद्राबद्दल एवढे प्रश्न होते की शिकवणं कमी आणि विचारणंच जास्त व्हायचं. दोन्ही वेळा जेवण खोतांकडं. मुगाची आमटी, दोडक्याची भाजी, भाकरी, आणि तेही सूर्य मावळायच्या आत. पहिल्या दिवशी खलाशांना साडेसहाला जेवायचं फार जड गेलं. चौथ्या दिवशी एकजण सहालाच पाटावर येऊन बसलेला मी बघितला. हसनभाईंनी काकूंना विचारलं की मासे धरणाऱ्यांना असं पंगतीला बसवताना तुम्हाला काही वाटत नाही का. काकू म्हणाल्या, वाटतं की, पण तुम्ही दाराचं काम शिकायला आलाय, उपाशी कसं ठेवायचं.

निघायच्या दिवशी हसनभाईंनी स्वतः जोडलेली चौकट आण्णांपुढं ठेवली. आण्णांनी दोरीचा चष्मा नाकावर ओढला, खिशातलं सुती कापड काढलं आणि प्रत्येक गजावरून फिरवलं. सातव्या गजावर धागा अडकला. त्यांनी कानस पुढं केली. तांडेल मुकाट्यानं बसले आणि अर्धा तास घासत राहिले. पुन्हा कापड फिरवलं, ते निघून आलं.

आता चौकटी बंदरातच बनतात. ऑगस्टमध्ये हंगाम सुरू झाला तेव्हा तेवीस बोटींवर होत्या. बंदरात बोटी शेकड्यांनी आहेत, तेव्हा हे फार थोडं आहे, असं ब्राह्मी सांगते. या हंगामात तिच्या पट्ट्यात आतापर्यंत नऊ मेलेली कासवं आली आहेत. हे चौकटींमुळंच झालं का, ते सांगायला अजून दोन-तीन वर्षं लागतील, असंही ती म्हणते, आणि कुणी टाळ्या वाजवायला लागलं की तिला ते आवडत नाही.

आण्णांचं वेगळंच चाललंय. त्यांना सध्या खेकड्यांच्या जाळ्यांनी पछाडलंय. हसनभाईंनी सांगितलं की हरवलेली जाळी तळाशी वर्षानुवर्षं पडून राहतात आणि त्यात कायकाय अडकून मरत असतं. ती वर ओढून काढायला एक लोखंडी आकडा करायचा आहे, खडकात न फसणारा. परवा गेलो तेव्हा वर्कशॉपाच्या फरशीवर खडूनं त्याचीच सात-आठ चित्रं काढलेली होती, आणि धनाजी एका चित्रावर पाय पडू नये म्हणून लांबून वळसा घालून चालत होता.